घरचा डेस्कटॉप स्वतः दुरुस्त आणि अपग्रेड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान असेंबल केलेल्या डेस्कटॉपसाठी आहे. रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून पुन्हा विकलेला) ब्रँडेड पीसीबद्दल वेगळा प्रश्न खाली आहे. लॅपटॉप आणि ऑल-इन-वन इथे घेतलेले नाहीत. बिघाड नेमका कुठे आहे हे तपासल्याशिवाय नवा पार्ट आणू नका. उत्तरांतल्या पायऱ्यांचा क्रमही त्याच हिशेबाने, फुकटात होणाऱ्या तपासणीपासून खर्चिक उपायाकडे, ठेवला आहे.

कॅबिनेट उघडण्याआधी काय करायचं?

शटडाऊन करा, एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) मागचं बटण बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि मग पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवा. त्याने बोर्डावर शिल्लक राहिलेली वीज निघून जाते. यानंतरच झाकण काढा. काहीही हलवण्यापूर्वी आतले मोबाईलवर चार-पाच फोटो काढा, विशेषतः पुढच्या पॅनलच्या बारीक वायरींचे. पॉवर स्विच, रीसेट आणि एलईडीच्या त्या वायरी परत लावताना सगळ्यात जास्त वेळ खातात.

अवजारांत चुंबकीय टोकाचा दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्टची (प्रोसेसरची उष्णता कुलरकडे नेणाऱ्या लेपाची) छोटी ट्यूब आणि साधा डिजिटल मल्टिमीटर एवढं पुरतं. स्टॅटिकसाठी मनगटी पट्टा असला तर उत्तम. नसेल तर सुती कपडे घाला, गालिच्यावर बसू नका आणि दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना धातूच्या बॉडीशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहते. टेस्टर लावला तर तोही मिणमिणतो. म्हणून दुकानदाराने एसएमपीएस बदलून दिला तरी झिणझिण्या तशाच राहतात.

करंट फार कमी असल्याने सहसा जिवावर बेतत नाही, पण पोर्टच्या जिवावर मात्र बेततं. चालू पीसीला टीव्हीची एचडीएमआय केबल लावताना ठिणगी उडून पोर्ट जाण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून सॉकेट तपासा. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास आलं पाहिजे, फेज-अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ आकडा खूप कमी किंवा सारखा हलता आला, तर अर्थिंग नाही. चालू सॉकेटमध्ये प्रोब घालण्याची सवय नसेल तर हे मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

उपाय एकच: अर्थिंग नीट करून घेणं. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा कन्व्हर्टर लावून हे सुटत नाही, उलट तोच अनेकदा मूळ दोषी असतो. आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ एकमेकांना जोडून देण्याचा जुगाड कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. न्यूट्रल कुठेही तुटला की पूर्ण २३० व्होल्ट थेट कॅबिनेटवर येतात.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही. पंखाही हलत नाही.

आधी सोप्या गोष्टी: दुसऱ्या सॉकेटवर दुसरी पॉवर केबल लावून पाहा आणि एसएमपीएसचं मागचं बटण चालू आहे ना ते बघा. मग पुढच्या पॅनलचं बटणच खराब नाही ना, ते तपासा. बोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी सुरू झाला तर बिघाड फक्त बटणात आहे. मग रीसेटची वायर पॉवरच्या पिनवर लावून वर्षानुवर्षं काम चालवता येतं.

तरीही काही नाही, तर एसएमपीएस वेगळा तपासा. त्याच्या सगळ्या केबल बोर्ड, डिस्क आणि कार्डपासून काढा. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी, या दोन पिन वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर पिन १६ आणि १७. त्यानंतर वीज चालू करा. पंखा फिरला तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून, काळा प्रोब काळ्या वायरवर धरून, असं मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७. जांभळी पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट देते. ती शून्य असेल तर एसएमपीएस गेलाच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. काही महागड्या एसएमपीएसमध्ये लोड नसताना पंखा फिरतच नाही, तेव्हा पंख्यावर न जाता आकडे बघा. आणि लोडविना आलेले बरोबर आकडे म्हणजे एसएमपीएस निर्दोष असल्याचा दाखला नव्हे. गेम सुरू करताच पीसी बंद पडत असेल, तर संशय त्याच्यावरच ठेवा.

एसएमपीएसचं स्वतःचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ किंवा त्याहून जास्त व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकतात. बाहेरून ब्लोअरने धूळ उडवा, तेवढं पुरे. कोकणात आणि तळमजल्याच्या घरांत पाल किंवा झुरळ आत शिरून शॉर्ट होण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. तेव्हाही दुरुस्तीच्या फंदात न पडता युनिटच बदला.

पंखे फिरतात, लाईट लागते, पण डिस्प्ले येत नाही.

आधी मॉनिटरची केबल बघा. पीसीत ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डातच लावायची, बोर्डच्या एचडीएमआयमध्ये नाही. इंटेलच्या नावाअखेर ‘एफ’ असलेले प्रोसेसर, तसंच रायझन ५ ३६०० किंवा ५६०० यांच्यात अंगभूत ग्राफिक्स नसतात. त्यांच्या बोर्डवर पोर्ट दिसतो, पण चित्र कधीच येणार नाही.

मग रॅम. नो-डिस्प्लेच्या तक्रारी बऱ्याचदा इथेच मिटतात. दोन्ही स्टिक काढा, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल लावलेल्या कापडाने पुसा आणि स्लॉटमध्ये हवा मारा. खोडरबरने घासायचा जुना उपाय चालतो, पण त्याने सोन्याचा थर झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये राहतात. अल्कोहोल असताना त्याची गरज नाही. आता एकच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. डिस्प्ले नाही आला तर दुसरी स्टिक, मग दुसरा स्लॉट.

तिसरी जागा म्हणजे प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनची पॉवर केबल. स्वतः जोडलेल्या पीसीत ही राहून जाते, किंवा अर्धवट बसते. ती नसली तरी पंखे फिरतात, त्यामुळे संशयच येत नाही.

चौथं, सीमॉस रीसेट, म्हणजे बोर्डात साठवलेली सेटिंग मूळ स्थितीत आणणं. वीज काढून बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिन काही सेकंद जोडा. ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरल्यापेक्षा वेगाने चालवणं) किंवा एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणाऱ्या) सेटिंगमुळे अडलेला पीसी याने सुटतो.

बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, तिथे काम अडलंय. जुन्या बोर्डाला छोटा बझर लावला तर बीप ऐकून अंदाज येतो, पण कोणत्या बीपचा अर्थ काय हे बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरच्या) कंपनीनुसार बदलतं, मॅन्युअल बघा.

एक अपवाद: डीडीआर५ रॅमचा पीसी पहिल्यांदा सुरू करताना, किंवा सीमॉस रीसेटनंतर, रॅमची जुळणी चालू असताना काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. दहा मिनिटं थांबा. मध्येच बंद केलंत तर जुळणी पुन्हा पहिल्यापासून.

पीसी गरम होतो, अधूनमधून बंद पडतो. पेस्ट बदलायची का?

आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. काम नसताना ३५ ते ५० अंश आणि जोर असताना ८५ पर्यंत ठीक. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांवर, रायझन ५००० मालिकेतले बरेचसे ९० वर आणि ७००० मालिकेतले ९५ वर स्वतःचा वेग उतरवतात. खोली २५ वरून ४० अंशांवर गेली की आतलं तापमानही जवळपास तेवढंच चढतं, म्हणून विदर्भात मे महिन्यातला आकडा बघून डिसेंबरच्या आकड्याशी तुलना करू नका. आणि डेझर्ट कुलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ती हवा थंड असली तरी ओली असते. धूळ तिच्यात भिजून हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर लिंपली जाते आणि पुढे ब्लोअरनेही निघत नाही.

सफाई करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या जोराने पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या प्लॅस्टिक नळीवर स्टॅटिक साठतं.

सफाईनंतरही आकडे चढेच असतील तर पेस्ट. इंटेलच्या बॉक्समधल्या कुलरला चार खुंट्या असतात. प्रत्येकीचं डोकं बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. रायझनच्या एएम४ (प्रोसेसरच्या सॉकेटचा प्रकार) बोर्डावर कुलर सरळ वर उपसू नका. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून बाहेर येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट ऊन होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कुलर डावी-उजवीकडे हळू पिळत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिलने पुसून मधोमध वाटाण्याएवढा थेंब टाका आणि कुलर सरळ खाली बसवा. बोटाने पसरवायची गरज नाही. खुंट्या किंवा स्क्रू कर्णाच्या क्रमाने, समोरासमोर घट्ट करा. इंटेलची एक खुंटी अर्धवट बसली तरी तापमान तत्काळ ९० च्या वर जातं. बोर्डच्या मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोकं फाकलेली दिसली पाहिजेत.

पीसी फार हळू झालाय. रॅम वाढवू की एसएसडी घालू?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम सुरू असताना परफॉर्मन्स टॅब बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि मेमरी ६०-७० वर असेल तर एसएसडी. मेमरीच ९० च्या आसपास असेल तर रॅम. विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर फार विचार करू नका, एसएसडी आधी. एच६१ बोर्डासारख्या जुन्या पीसीत फक्त साटा-२ (डिस्क जोडायचे जुने, हळू) पोर्ट असतात, त्यावर एसएसडीचा वेग निम्मा होतो, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक पहिल्याच बूटला कळतो.

साटा एसएसडी घ्यावी की एनव्हीएमई?

बोर्डावर एम.२ स्लॉट (चपटी एसएसडी थेट बसवायची जागा) असेल तर एनव्हीएमई. साटा सुमारे ५५० एमबी प्रति सेकंदाला अडते, पीसीआय ३.० वरची एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. पण काही एम.२ स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, आणि काही बोर्डांवर एम.२ वापरला की एक साटा पोर्ट बंद होतो. ‘नवी एसएसडी लावली आणि जुनी डिस्क गायब झाली’ या तक्रारीचं हे कारण. स्लॉट नसेल तर पीसीआय ॲडाप्टरवर एनव्हीएमई लावता येते, मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीचे बहुतेक बायोस तिच्यावरून बूट करत नाहीत. तिथे २.५ इंची साटा एसएसडीच बरी.

विंडोज परत न टाकता एसएसडीवर नेता येतं का?

येतं. हार्ड डिस्कवर प्रत्यक्ष भरलेला डेटा एसएसडीच्या क्षमतेपेक्षा कमी हवा. महत्त्वाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग क्लोनिंग सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्क उतरवा, नुसतं सी ड्राईव्ह नाही. बूटचं छोटं पार्टिशनही यायला हवं. क्लोनझिला वापरत असाल तर लक्षात ठेवा की नेहमीच्या पद्धतीत त्याला एसएसडी मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. एक टीबी हार्ड डिस्कवरून ५१२ जीबी एसएसडीवर जाताना एसएसडी कंपनीचं स्वतःचं साधन सोपं पडतं.

क्लोन झाल्यावर पीसी बंद करा आणि पहिल्या बूटआधी जुन्या डिस्कची केबल काढा. दोन्ही लावून सुरू केलंत तर विंडोज गोंधळतं आणि अनेकदा जुन्या डिस्कवरूनच चालत राहतं.

कोणती रॅम बसेल?

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. एकसारख्या दोन स्टिक, चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा) चालतं. अंगभूत ग्राफिक्सवर याचा परिणाम सर्वांत जास्त जाणवतो. जुन्या ८ जीबी स्टिकसोबत दुसऱ्या कंपनीची ८ जीबी सहसा चालते, वेग दोहोंतला कमी तो मिळतो. नवी रॅम लावली की मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. एकही एरर आली तर स्टिक परत करा. ‘एकच तर एरर आहे’ म्हणून सोडून दिलं तर पुढे फायली खराब होतात.

पाकिटावर छापलेल्या वेगाने रॅम चालण्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (एएमडीचं तसंच सेटिंग) चालू करावं लागतं. ३२०० ची रॅम विकत घेऊन वर्षभर २१३३ किंवा २४०० वर चालवणारे खूप आहेत. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे ३२ जीबी ‘असू दे’ म्हणून घेण्याआधी टास्क मॅनेजरचा आकडा पुन्हा एकदा बघा.

माझ्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड चालेल का?

एसएमपीएसवर छापलेल्या ‘४५० वॉट’वर विसंबू नका. लेबलवरचा १२ व्होल्ट रेलचा अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असतील तर प्रत्यक्ष उपयोगाचे २१६ वॉटच. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर हा आकडा बघितला की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

पीसीआय स्लॉट ७५ वॉट देतो, सहा पिनची केबल ७५ आणि आठ पिनची १५०. जीटीएक्स १६५० ची अनेक मॉडेल फक्त स्लॉटवर चालतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ३०६० ला १७०, आणि दोन्हींसाठी कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. कार्डाला केबल कमी पडते म्हणून मोलेक्सवरून (जुन्या डिस्कच्या चार पिनच्या कनेक्टरवरून) आठ पिन बनवणारा स्वस्त कन्व्हर्टर लावू नका, तो वितळू शकतो. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला कधीही लावू नका. टोक बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. चुकीच्या केबलने सर्व डिस्क एका क्षणात जळू शकतात.

आरएक्स ६४०० घेताना एक अट लक्षात ठेवा. हे कार्ड पीसीआयच्या फक्त चार लेन (डेटाचे मार्ग) वापरतं, त्यामुळे पीसीआय ३.० च्या जुन्या बोर्डावर ते मंदावतं. आणि तेच कार्ड जुन्या पीसीसाठी अनेकदा सुचवलं जातं.

नुसता प्रोसेसर बदलता येईल का?

सॉकेट आणि चिपसेट (बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप) दोन्ही जुळले तर. इंटेलच्या एलजीए११५१ मध्ये सहावी-सातवी पिढी एका बाजूला, आठवी-नववी दुसऱ्या बाजूला. सॉकेटचं नाव तेच असलं तरी एकमेकांच्या बोर्डावर अधिकृतपणे चालत नाहीत. एलजीए१२०० दहावी-अकरावीसाठी, एलजीए१७०० बारावी ते चौदावीसाठी.

एएम४ वाल्यांचं नशीब चांगलं. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५६०० बसतो. अपडेट जुना प्रोसेसर असतानाच करा. फाईल एफएटी३२ पेन ड्राईव्हवर घ्या, बोर्डाचं रिव्हिजन जुळवा आणि पीसी यूपीएसवर ठेवा. मध्ये लाईट गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का ते बघा, नाहीतर पुढच्या बूटला विंडोज ती मागतं आणि डेटा अडकतो.

जुनी तेरावी-चौदावी पिढी घेताय? आय५ १३६००के आणि त्यावरच्या मॉडेलमध्ये जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (बायोसमधून येणारा प्रोसेसरचा दुरुस्ती अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मात्र आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही.

विंडोज ११ साठी नवा पीसी घ्यावाच लागेल का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती पीसीला सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेल आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढे लागतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप). ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला तर चिप विकत आणण्याआधी बायोसमध्ये इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम चालू करा.

तारीख आणि वेळ रोज मागे जाते.

सीआर२०३२ सेल बदला. ३ व्होल्टचा, मेडिकलमध्येही मिळतो. छापील अधिकचं चिन्ह वर.

हार्ड डिस्क टकटक करते. किती दिवस चालेल?

चालवू नका. आधी बॅकअप. मग क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या (खराब सेक्टरच्या) ओळींचे रॉ आकडे बघा. शून्याहून जास्त असतील तर डिस्क उतरणीला लागली आहे. फक्त सी७ वाढलेला असेल तर दोष बहुधा साटा केबलचा, ती बदलून बघा.

लाईट गेली की यूपीएस असूनही पीसी बंद पडतो.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. ग्राफिक्स कार्डवाला पीसी गेममध्ये त्याच्या वर जाऊ शकतो. आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि सहज बदलता येते. नवी बॅटरी घालूनही तेच होत असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा (वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) एसएमपीएस आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर यांचं जमत नसावं. तेव्हा प्युअर साईन वेव्ह यूपीएस लागतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका.

रिफर्बिश्ड ब्रँडेड पीसी घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड घालता येईल का?

मोठा टॉवर असेल तर मर्यादेत. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० सारख्या मॉडेलमध्ये बोर्डाला २४ ऐवजी ८ पिनचा कनेक्टर असतो. बाजारातला साधा एसएमपीएस लावायला ॲडाप्टर लागतो, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये तो मावतही नाही. तिथे स्लॉटवरच चालणारं, अर्ध्या उंचीचं कार्ड हाच मार्ग.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले पार्ट घेताना काय बघायचं?

कार्ड किंवा बोर्ड दुकानातच चालवून दाखवायला सांगा, नुसता डिस्प्ले नाही, दहा मिनिटं लोडवर. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले किंवा डोक्यावर तपकिरी डाग असलेले नकोत. इंटेल बोर्डाच्या सॉकेटमधल्या पिना टॉर्चने तिरप्या उजेडात बघा. एखादी वाकडी असेल तर उजेडाची रेष तुटलेली दिसते. एसएसडी वापरलेली घेतच असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एकूण लिहिलेला डेटा आणि तास बघा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, कारण बहुतेक कंपन्या वॉरंटी त्यावरूनच तपासतात. वापरलेला एसएमपीएस मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.